लिनक्सवर आलो, पण जुन्या ड्राइव्हवरचे गेम सुरूच होत नाहीत

प्रश्न: स्टीममध्ये प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन) चालू केलंय. विंडोजच्या ड्राइव्हवरचे गेम दिसतात, पण ‘प्ले’ दाबलं की लगेच बंद. काय करू?

उत्तर १: ड्राइव्ह एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टम, म्हणजे फाइली साठवण्याची पद्धत) असणार. प्रोटॉन प्रत्येक गेमच्या कॉम्पॅटडेटा फोल्डरात ‘सी:’ नावाची लिंक बनवतो. एनटीएफएसवर विंडोजला नावात कोलन चालत नाही, त्यामुळे तिथेच घोळ होतो. एक्स्ट४ (लिनक्सची फाइल सिस्टम) पार्टिशनवर नवी स्टीम लायब्ररी करा, ‘स्टीमॲप्स/कॉमन’मधलं गेमचं फोल्डर तिकडे कॉपी करा आणि इन्स्टॉल दाबा. स्टीम फाइली तपासून उरलेलंच उतरवतं.

उत्तर २: एनव्हिडिया कार्ड असेल तर सिक्युअर बूटही (संगणक सुरू होताना फक्त डिजिटल सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) बघा. ते चालू असताना ड्रायव्हरच्या मॉड्यूलवर सही नसेल तर ते लोडच होत नाही.

उत्तर ३: व्हॅलोरंट खेळत असाल तर विंडोज पुसू नका! त्याचं अँटी-चीट (खेळातली फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर) विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात चालतं, प्रोटॉनवर नाही.