स्क्लेरेमा झालेल्या बाळाचे रक्त बदलावे का?

धागाकर्ता: मी जिल्हा पातळीवरच्या एका नवजात शिशू कक्षात डॉक्टर आहे. स्क्लेरेमा या दुर्मीळ आजारात कातडी तिच्याखालच्या चरबीसकट मेणासारखी घट्ट होते, आणि तो बहुधा कमी दिवसांच्या, रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या बाळांत दिसतो. गेल्या पावसाळ्यात दीड किलोच्या एका बाळाची मांडी मी चिमटीत धरू पाहिली, तर घडीच पडेना. तळहात आणि तळपाय मात्र मऊ होते. अँटिबायोटिक चालू होते, ऊबही होती, तरी बाळ दगावले. अशा वेळी रक्त बदलण्याचा निर्णय लवकर घेतला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. १९९७ साली ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये आलेल्या अभ्यासात रक्त बदललेल्या गटातली बाळे अधिक वाचली होती.

प्रतिसाद १: डॉक्टर, मी असहमत आहे. तो अभ्यास लहान होता. दीड किलोच्या बाळाच्या अंगातल्या रक्ताच्या दुप्पट रक्त बदलायचे म्हणजे सुमारे २४० मिली रक्त, नाळेतल्या नळीतून थोडे थोडे काढत आणि भरत, तासभर किंवा त्याहून अधिक वेळ. त्यात प्लेटलेट आणि कॅल्शियम घसरते, आणि बाळ आधीच शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त पोहोचत नाही अशा अवस्थेत, असते. ताजे रक्त व सरावलेला हात रात्रीबेरात्री मिळणार नसेल, तर हा उपायच बाळाच्या जिवावर बेतू शकतो. कडकपणा हे संसर्गाचे लक्षण आहे; उपचार संसर्गावर हवा.

धागाकर्ता: लक्षण आहे हे मान्य, पण ते उशिराचे लक्षण आहे. नवजात बाळाच्या चरबीत पामिटिक आणि स्टिअरिक आम्ले जास्त, ओलेइक कमी, म्हणून ती लवकर गोठते, असे मानले जाते. ती गोठेपर्यंत संसर्ग फार पुढे गेलेला असतो आणि नुसते अँटिबायोटिक अपुरे पडते, म्हणूनच तर मी रक्त बदला म्हणतो.

प्रतिसाद २: मी परिचारिका आहे, मला वेगळीच भीती वाटते. पूर्ण दिवसांच्या, चांगले दूध पिणाऱ्या एका गुटगुटीत बाळाच्या पाठीवर लालसर, कडक गाठी होत्या. स्क्लेरेमाच्या शंकेने त्याला मोठ्या रुग्णालयात हलवण्याची तयारी झाली, आई रडून अर्धी झाली, आणि निघाले ते त्वचेखालच्या चरबीचे स्थानिक नुकसान, जे बहुधा आपोआप बरे होते. फक्त काही महिने कॅल्शियमवर लक्ष ठेवावे लागते. रक्ताची पिशवी मागवण्याआधी बाळ पितेय का, हालचाल करतेय का, हे बघा.

धागाकर्ता: सिस्टर, ही तपासणी आधी हवीच. माझे म्हणणे न पिणाऱ्या, थंड पडलेल्या बाळापुरते आहे.