पदवी मेकॅनिकलची, काम परचेसचं

'मेकॅनिकलची पदवी आणि परचेसची नोकरी, म्हणजे कॅनडाची पीआर (कायम वास्तव्याची परवानगी) विसरा' हे या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय ते पटलं नाही. एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे पीआरच्या गुणांवर चालणाऱ्या पद्धतीत, ईसीए (परदेशी पदवीची तपासणी) फक्त पदवीची पातळी ठरवते. एनओसी कोड (कॅनडाच्या व्यवसाय-यादीतला क्रमांक) ठरतो तो प्रत्यक्ष कामावरून. परचेसवाल्यांचा १२१०२. ऑस्ट्रेलियाचं म्हणत असाल तर मान्य, तिथे स्किल असेसमेंटमध्ये बऱ्याच व्यवसायांना पदवीचा विषय जुळावा लागतो.

खरी अडचण अनुभवपत्राची, तिच्याबद्दल इथे कुणीच बोललं नाही. माझा मावसभाऊ अंबड एमआयडीसीत परचेस बघायचा, पण कागदोपत्री पद 'असिस्टंट इंजिनिअर'. आपल्याकडे हे सर्रास चालतं. एचआरचं पत्र म्हणजे दोन ओळी, 'वर्तणूक चांगली' वगैरे. ते चालत नाही. लेटरहेडवर प्रत्यक्ष कामं, आठवड्याचे तास, पगार, कालावधी सगळं लागतं. शेवटी त्याच्या साहेबांनी कोटेशन मागवणं, व्हेंडरशी भाव ठरवणं, पीओ (खरेदीची ऑर्डर) काढणं असं सविस्तर लिहून दिलं, सोबत सॅलरी स्लिपा जोडल्या. एनओसीतल्या कामाच्या वर्णनातली वाक्यं जशीच्या तशी उतरवू नका मात्र, संशय येतो. आणि आयटीए (पीआरच्या अर्जाचं आमंत्रण) आल्यावर अर्जाला ६० दिवसच मिळतात, तेव्हा एचआरच्या मागे आत्तापासूनच लागा.