प्रेझेंटेशनचा कोर्स निवडताना आधी विचारा: मला उभं राहून बोलायला किती मिनिटं मिळणार?

चाकणचा_क्वालिटीवाला
आमच्या प्लांटमध्ये सध्या इंजिनिअर आणि सुपरवायझर लोकांसाठी प्रेझेंटेशन स्किलचं ट्रेनिंग ठरतंय. बहुतेक प्रस्ताव सारखेच: हॉटेलातला हॉल, दोन दिवस, तीस जण, शेवटी सर्टिफिकेट. माझं स्पष्ट मत आहे की हे पैसे वाया जातात.

हिशोब करा. चहा-जेवण वगळून दोन दिवसांत बारा तास. त्यातले निम्मे ट्रेनर बोलणार. उरले ३६० मिनिटं, भागिले तीस. प्रत्येकाच्या वाट्याला १२ मिनिटं, आणि फीडबॅकही त्यातच. एवढ्यात कस्टमरसमोर ८डी (तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय सांगणारा आठ टप्प्यांचा अहवाल) मांडताना थरथरणारा माणूस सुधारत नाही.

त्यापेक्षा टोस्टमास्टर्ससारखा, सभासदांनी एकमेकांसमोर भाषणाचा सराव करायचा क्लब बरा. १९२४ साली कॅलिफोर्नियात राल्फ स्मेडली यांनी पहिला क्लब काढला, पद्धत आजही साधी आहे. तयार भाषण साधारण पाच ते सात मिनिटं. पाचला हिरवा, सहाला पिवळा, सातला लाल दिवा. आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटं. 'अं' आणि 'सो' मोजायला वेगळा माणूस. मुख्य म्हणजे हे वर्षभर चालतं.

आणखी एक. ज्या माहितीपत्रकात '५५ टक्के देहबोली, ३८ टक्के आवाज, ७ टक्के शब्द' असं लिहिलंय, ते बाजूला ठेवा. मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांचे १९६७ चे ते प्रयोग भावना आणि आवड-नावड कशी पोचते याबद्दल होते, तेही सुटे शब्द घेऊन केलेले. रिजेक्शनचं (माल नापास होण्याचं) मूळ कारण समजावताना शब्दांना सात टक्के किंमत आहे असं त्यातून निघत नाही.

मुक्ता_ठाणे
मेहराबियनबद्दल पूर्ण सहमत. बाकी असहमत, आणि मी स्वतः ट्रेनिंग घेते हे आधीच सांगते.

मिनिटं मोजता, पण त्या मिनिटांत काय होतं? क्लबात माणूस 'माझा अविस्मरणीय प्रवास' यावर छान बोलायला शिकतो. सोमवारच्या रिव्ह्यूत तोच माणूस चाळीस स्लाइड घेऊन येतो आणि निर्णय कोणता हवाय ते अडतिसाव्या स्लाइडवर सांगतो. तोवर प्लांट हेड फोन बघायला लागलेले असतात. हा धीटपणाचा प्रश्नच नाही, मांडणीचा आहे.

माझ्या बॅचमध्ये प्रत्येकाने स्वतःचा चालू डेक (स्लाइडचा संच) आणायचा असतो. 'रिजेक्शन ट्रेंड' हे शीर्षक खोडून तिथे 'नवं फिक्स्चर बसवल्यावर रिजेक्शन निम्म्यावर आलं' असं पूर्ण वाक्य लिहायला लावते. स्लाइडवर जे लिहिलंय तेच वाचून दाखवलं तर ऐकणाऱ्याचं लक्ष वाचणं आणि ऐकणं यात फाटतं, म्हणून वाचन बंद. हे क्लबात कोण सांगणार? तिथले परीक्षक तुमच्याइतकेच शिकाऊ, आणि समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून गोड बोलणारे.

लातूरची_लेक
दोघांनीही भाषेचा मुद्दा सोडला. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना विषय पक्का येतो, अडतं ते इंग्रजीवर. मग एचआर त्यांना 'स्पोकन इंग्लिश आणि पर्सनॅलिटी' कोर्सला पाठवतं. तिथे ती पाठ केलेली वाक्यं म्हणायला शिकतात आणि कस्टमरने मध्येच प्रश्न विचारला की गप्प होतात.

आधी मराठीत, न वाचता, मुद्दा सांगता आला पाहिजे. तो जमल्यावर इंग्रजीचं निम्मं ओझं कमी होतं. मराठीत सराव करू न देणारा कोर्स आमच्या मुलांसाठी निरुपयोगी आहे.

सेकंड_शिफ्ट
क्लबची सभा संध्याकाळी सातला, शहरात. सेकंड शिफ्टच्या माणसाने काय करायचं? कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या पैशाने दोन दिवस मिळतायत ते घ्यावेत. नाहीतर क्लब फक्त जनरल शिफ्टवाल्यांसाठी.

चाकणचा_क्वालिटीवाला
@सेकंड_शिफ्ट, रास्त मुद्दा. पण बऱ्याच कंपन्या आवारातच क्लब चालवतात. शिफ्ट बदलताना तासभर कॅन्टीनच्या बाजूची खोली मिळाली तरी चालेल, बाहेरच्या नावाची गरज नाही.

@मुक्ता, स्वतःचा डेक आणायला लावता हे उत्तमच. पण बॅच किती जणांची? आणि तीन आठवड्यांनी त्या माणसाचा खरा रिव्ह्यू कोणी बघतं का? मी पाहिलेल्या एकाही प्रस्तावात हे नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे उत्साहात असतात, त्यावर कोर्सचं मूल्यमापन करणं मला मान्य नाही.

मुक्ता_ठाणे
दहा ते बारा. त्याहून जास्त मी घेत नाही आणि त्यामुळे काही कंपन्या नकार देतात, कारण माणशी खर्च वाढतो, वर १८ टक्के जीएसटी. पाठपुराव्याचं एक सत्र मी मागते. तेच सगळ्यात आधी कापलं जातं. तेव्हा दोष कोर्सच्या प्रकाराचा नाही, खरेदी करणाऱ्यांचा आहे. तीस जणांना एका हॉलमध्ये बसवा म्हणणारेही तेच.

क्लबबद्दल मत बदललेलं नाही. चुकीची मांडणी वर्षभर घोटली तर ती पक्की होते.

लातूरची_लेक
मग निवडताना ट्रेनरकडे एवढंच मागा: मागच्या बॅचमधल्या एखाद्याचं, त्याच्या परवानगीने, आधीचं आणि नंतरचं रेकॉर्डिंग. मोबाइलवर काढलेलं चालेल. ते दाखवायला नसेल तर पुढचं बोलणं नको. आणि @मुक्ता, त्यात एक तरी मराठीतलं असू द्या.