वणवा स्फोटाने विझतो तो नेमका कशामुळे?

रानवाट (प्रश्न)

नमस्कार. २०१८ च्या उन्हाळ्यात स्वीडनमध्ये ठिकठिकाणी वणवे पेटले आणि सुमारे २५ हजार हेक्टर जंगल जळाले. त्यांपैकी दालार्ना प्रांतातील एल्व्दालेनचा वणवा लष्कराच्या गोळीबार सरावाच्या क्षेत्रात होता. तिथे न फुटलेले तोफगोळे पडलेले असल्यामुळे अग्निशमन दलाला आत पाऊल टाकता येईना. अखेर २५ जुलै रोजी हवाई दलाच्या ग्रिपेन विमानातून लेसरने नेम धरून एक बॉम्ब आगीजवळ टाकण्यात आला आणि त्यामुळे सुमारे १०० मीटरच्या आतील ज्वाळा विझल्याचे सांगण्यात आले. अनेक बातम्यांनी त्याचे कारण असे दिले, की स्फोटाने तिथला ऑक्सिजन संपवला.

मला हे पटत नाही, कारण उघड्या रानात आजूबाजूची हवा लगेच आत शिरणारच. मी दरवर्षी सह्याद्रीतले गवताचे वणवे हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवणाऱ्या गटाबरोबर जातो. ज्वाळा विझली तरी बुंध्यातला निखारा मागे राहतो आणि तासाभराने वारा सुटला की तिथूनच पुन्हा पेट घेतो, हे आम्ही अनेकदा अनुभवले आहे. मग स्फोटाने नेमके काय साधते?

सुरुंगवाट

आपली शंका रास्त आहे. मी कोळशाच्या खाणीत अनेक वर्षे ब्लास्टिंगचे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. स्फोटकाला हवेतल्या ऑक्सिजनची वाट पाहावी लागत नाही. अमोनियम नायट्रेटवर आधारलेल्या स्फोटकात तो मुळातच बांधलेला असतो, म्हणून तर पाण्याने भरलेल्या भोकातही सुरुंग उडतो. तेव्हा ‘ऑक्सिजन खाऊन टाकला’ हे स्पष्टीकरण चुकीचे आहे. ज्वाळा म्हणजे जळणातून निघालेल्या वायूंचे जळणे. स्फोटाची लाट आणि तिच्या मागोमाग येणारा हवेचा लोट त्या पेटत्या वायूंना जळणापासून क्षणभर तोडून दूर फेकतो. फुंकरीने पणती विझते तोच हा प्रकार आहे. लाकडात साठलेली उष्णता मात्र जागच्या जागी राहते, म्हणजे आपण म्हणता तो निखारा तसाच उरतो.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. आमच्या भूमिगत खाणींत स्फोटाने आग विझण्याचा नव्हे, तर लागण्याचा धाक असे. कोळशातून निघणारा ज्वालाग्राही मिथेन वायू पेटू नये म्हणून तिथे वेगळी मान्यताप्राप्त स्फोटके वापरावी लागतात आणि त्यांच्यात स्फोटाची ज्योत थंड करण्यासाठी मिठासारखे क्षार मिसळलेले असतात. १९०६ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भूकंपानंतर आग पसरली, तेव्हा तिची वाट अडवण्यासाठी इमारती सुरुंगाने पाडण्यात आल्या. त्या कामात बंदुकीची काळी दारूही वापरली गेली आणि कित्येक ठिकाणी त्या स्फोटांनीच नव्या आगी लावल्या.

भौतिकी

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील ग्रॅहम डोइग यांनी २०१४ च्या सुमारास याच कल्पनेवर प्रयोग केले होते. त्यांत पोलादी नळीतून सोडलेल्या स्फोटाच्या लाटेने प्रोपेन वायूची उंच ज्वाळा विझवण्यात आली. पण ती ज्वाळा एका नळातून येणाऱ्या वायूची होती; जंगलात जळण सगळीकडे पसरलेले असते.

तेलविहिरींच्या आगी स्फोटाने विझतात, त्याचेही कारण तेच आहे. कॅलिफोर्नियात टॅफ्ट येथे कार्ल किनले यांनी १९१३ मध्ये ही युक्ती वापरली. अल्जीरियातील गासी तुईलची वायुविहीर नोव्हेंबर १९६१ मध्ये पेटली. तिची ज्वाळा १३० मीटरहून उंच होती आणि तेलविहिरींच्या आगी विझवणारे अमेरिकन तज्ज्ञ रेड अडेअर यांनी ती एप्रिल १९६२ मध्ये स्फोटाने विझवली. स्फोट क्षणाचा होता, पण त्याआधी विहिरीभोवतीचा तापलेला लोखंडी सांगाडा उपसून काढावा लागला आणि पाण्याचा मारा करून जागा थंड ठेवावी लागली, कारण एक जरी लालभडक तुकडा उरला असता तरी वायू पुन्हा पेटला असता. एवढी तयारी शेकडो हेक्टर जंगलात कशी करणार?

सोव्हिएत संघाने १९६६ मध्ये उर्ता-बुलाकची पेटलेली वायुविहीर अणुस्फोटाने बंद केली, ते उदाहरण इथे लागू नाही. तो स्फोट खोल भूगर्भात केला होता आणि त्याने खडक सरकवून विहिरीची नळीच दाबून टाकली.

रानवाट

दोघांचेही आभार. मग वणव्यात स्फोटकांचा खरा उपयोग काहीच नाही का?

सुरुंगवाट

आहे, पण ज्वाळेवर नव्हे, जमिनीवर. अमेरिकेच्या वनसेवेने १९७० च्या दशकापासून दोरासारखी लांब स्फोटके जमिनीवर अंथरून जाळरेषा काढण्याची पद्धत विकसित केली. स्फोटाने पालापाचोळा आणि वरचा थर बाजूला फेकला जाऊन उघड्या मातीचा पट्टा तयार होतो. उरलेली मुळे आणि कचरा माणसांनी हत्यारे घेऊन साफ करायचा असतो. रशियातील हवाई वनरक्षक दलाची माणसेही, जिथे रस्ता नाही आणि बुलडोझर पोहोचत नाही अशा तैगात, म्हणजे उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलात, स्फोटक दोर वापरून असे पट्टे काढतात आणि तिथून वणव्याच्या दिशेने मुद्दाम आग लावून मधले जळण आधीच संपवतात. याशिवाय आतून जळणारे उभे वठलेले झाड पाडायला करवत घेऊन माणूस त्याच्या बुडाशी उभा करण्यापेक्षा दुरून स्फोटाने ते पाडणे अधिक सुरक्षित असते, आणि माझ्या मते स्फोटकांचा हा उपयोग सर्वांत मोलाचा आहे.

एल्व्दालेनमध्येही मला बॉम्बपेक्षा ती परिस्थिती महत्त्वाची वाटते. माणूस आत पाठवता येत नव्हता, म्हणून ज्वाळा काही काळ जरी खाली बसल्या तरी तो लाभच होता. जिथे माणूस पोहोचू शकतो, तिथे हा हिशेब बदलतो.

रानवाट

आमच्या डोंगरांवर अशी जाळरेषा काढता येईल का?

सुरुंगवाट

मी तसा सल्ला देणार नाही. कातळावर मातीचा पातळ थर असतो, त्यामुळे स्फोटाने दगड उडतील आणि उतारावरून खालच्या वस्तीकडे घरंगळतील. शिवाय तुमचे जळण गवत आहे. ते विळ्याने कापून पट्टा मोकळा करता येतो आणि हे काम गवत वाळल्याबरोबर, पहिली ठिणगी पडण्याआधी करायचे असते. विझवलेल्या जागी निखाऱ्यासाठी दोन माणसे पाणी आणि फावडे घेऊन रात्रभर थांबवा; आपण सांगितलेल्या बुंध्यांवर त्याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.