मदत हवी आहे: बाबांची पापणी संध्याकाळी पडते, डबल दिसतं, पण अँटीबॉडी रिपोर्ट निगेटिव्ह

कावेरी_के:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बाबा ६३ वर्षांचे आहेत. गेले दोन-तीन महिने त्यांच्या डाव्या डोळ्याची पापणी खाली येतेय. सकाळी उठतात तेव्हा एकदम नॉर्मल, पेपर वाचून होतो, आणि दुपारनंतर ती हळूहळू उतरायला लागते, संध्याकाळपर्यंत अर्धी बाहुली झाकली जाते. मध्ये काही दिवस उजवीच पडत होती आणि डावी ठीक होती, त्यामुळे आम्ही अजूनच गोंधळलो. आता त्यात भर म्हणजे डबल दिसतं, जिना उतरताना जास्त, एक पायरी खरी आणि एक तिच्या बाजूला तिरकी. कुठलाही एक डोळा झाकला की एकच दिसतं. दुखत नाही, लाल नाही, काही नाही. घरात सगळ्यांचं एकच पालुपद, मोबाइल कमी बघा.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना मिनिटभर वर बघायला लावलं तर पापणी त्यांच्यासमोरच खाली आली, मग म्हणाले मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार, असू शकतो, फक्त डोळ्यांपुरता. रक्ताची अँटीबॉडी टेस्ट केली ती निगेटिव्ह आली. आम्ही सुटलो म्हणून न्यूरोलॉजिस्टकडे गेलो तर ते म्हणतात निगेटिव्ह आली तरी मला तोच संशय आहे, सिंगल फायबर ईएमजी (स्नायूत सुई घालून करायची तपासणी) करा आणि छातीचा सीटी करा. आता टेस्ट निगेटिव्ह असून आजार कसा काय असू शकतो, आणि पापणी पडते डोळ्याची तर सीटी छातीचा कशाला, हे मला खरंच कळत नाहीये. डॉक्टरांकडे गर्दी इतकी होती की विचारायचं राहून गेलं. शिवाय हे पुढे अंगभर पसरतं असं वाचलं तेव्हापासून झोप उडालीय. चष्म्यात प्रिझम (प्रकाश वळवणारी काच) टाकून डबल दिसणं जातं का तेही सांगा. बाकी त्यांना बीपी आहे, साखर बॉर्डरलाइन, आणि काचबिंदूसाठी बरीच वर्षं ड्रॉप्स चालू आहेत.

रिकामा_कप:
माझ्या एका मित्राला असंच पापणी जड होण्याचं होतं, त्याला बी१२ कमी निघालं होतं. ते एकदा बघा, आणि डोळ्यांचे व्यायाम करा, बोट जवळ-लांब नेऊन त्याकडे बघायचं, स्नायू मजबूत होतात.

तिरपा_चष्मा:
कावेरीताई, मी डोळ्यांचा डॉक्टर आहे पण तुमच्या बाबांना बघितलेलं नाही, त्यामुळे हे सगळं सर्वसाधारण समजा, निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

आधी व्यायामाचं. रिकामा_कप, रागावू नका, पण या आजारात नेमका उलटा परिणाम होतो. स्नायू मुळात कमजोर नसतो, वापरला की थकतो. नसेच्या टोकाकडून एसिटाइलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि ते स्नायूवरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं, मग स्नायू आकसतो. इथे शरीराच्याच अँटीबॉडीज ते रिसेप्टर अडवतात आणि नष्ट करतात. सकाळी विश्रांतीनंतर काम भागतं, पण सारखं सारखं आकसावं लागलं की निरोप पोचेनासा होतो. पापणी उचलणारा स्नायू आणि डोळा फिरवणारे सहा स्नायू जागेपणी सतत कामावर असतात, म्हणून बऱ्याच पेशंटमध्ये पहिली तक्रार डोळ्यांचीच असते.

आता रिपोर्ट. अंगभर पसरलेल्या मायस्थेनियात ही अँटीबॉडी साधारण ८५ टक्के लोकांत सापडते, पण आजार डोळ्यांपुरता असेल तर जेमतेम निम्म्या लोकांत. म्हणजे तुमच्या बाबांसारख्या पेशंटमध्ये निगेटिव्ह रिपोर्टवरून आजार नाही असं म्हणताच येत नाही. पॉझिटिव्ह आला असता तर मात्र प्रश्न जवळपास मिटला असता. मस्क नावाची दुसरी एक अँटीबॉडी असते, तीही तपासतात, पण फक्त डोळ्यांच्या आजारात ती फार क्वचित सापडते.

मला स्वतःला रिपोर्टपेक्षा तुमचं वर्णन जास्त बोलकं वाटलं. सकाळी ठीक आणि संध्याकाळी वाईट, पापणी बाजू बदलते, वर बघत ठेवलं की उतरते, दुखत नाही. मेंदूतली तिसरी नस दबली तर पापणी पडते आणि डबलही दिसतं, पण ती अशी आज डावी उद्या उजवी करत नाही. आणि बाहुलीकडे बघायचं, मायस्थेनियात बाहुलीला काही होत नाही. एका डोळ्याची बाहुली मोठी झाली आणि सोबत डोकं किंवा डोळा दुखतोय असं कधी दिसलं तर तो वेगळा आणि तातडीचा प्रकार आहे, मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा असू शकतो, तेव्हा अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

बर्फाची टेस्ट कोणी केली का? पापणी पडलेली असताना ती मिटून त्यावर कापडात किंवा ग्लोव्हमध्ये बर्फ घालून दोन मिनिटं ठेवतात आणि आधी-नंतर मोजतात. २ मिलिमीटर किंवा जास्त वर आली तर पॉझिटिव्ह धरतात. थंडीने एसिटाइलकोलीन मोडणारं एन्झाइम मंदावतं आणि ते रसायन जास्त वेळ टिकतं. इतकी साधी टेस्ट आहे आणि तरी कित्येकदा राहून जाते, मला याचं नेहमी आश्चर्य वाटतं. पूर्वी एड्रोफोनियमचं इंजेक्शन देऊन बघायचे, पण त्यात हृदयाचे ठोके एकदम कमी होऊ शकतात म्हणून ठोके परत वाढवणारं अॅट्रोपिन हाताशी ठेवावं लागायचं, आता ते फारसं कोणी करत नाही.

सिंगल फायबर ईएमजी करायला सांगितलीय ते बरोबरच आहे. साधी वारंवार शॉक देऊन करायची टेस्ट डोळ्यांपुरत्या आजारात बऱ्याचदा नॉर्मल येते. सिंगल फायबरमध्ये कपाळाच्या किंवा डोळ्याभोवतीच्या स्नायूत बारीक सुई घालून शेजारशेजारच्या तंतूंना निरोप पोचायच्या वेळेत किती फरक पडतो ते मोजतात. नव्वदेक टक्के पेशंटमध्ये ती काहीतरी दाखवते. फक्त इतर काही स्नायूंच्या आजारांतही ती बिघडलेली येते, म्हणून एकट्या तिच्यावरही शिक्का मारत नाहीत. थायरॉइड तपासलं नसेल तर तेही करून घ्या, दोन्ही आजार एकत्र असायचं प्रमाण बरंच आहे.

कावेरी_के:
बापरे, इतकं सविस्तर, खूप खूप धन्यवाद. बर्फाची टेस्ट नाही केली कोणी. छातीच्या सीटीचं राहिलं का?

तिरपा_चष्मा:
हो, राहिलंच. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते आणि या अँटीबॉडीजचा आणि तिचा जवळचा संबंध आहे. मायस्थेनियाच्या १० ते १५ टक्के पेशंटना थायमसची गाठ, म्हणजे थायमोमा, असते. आजार डोळ्यांपुरता असेल तर कमी, आणि अँटीबॉडी निगेटिव्ह असेल तर फारच क्वचित, पण निदान पक्कं झालं की एकदा सीटी काढून बघायची पद्धत आहे. गाठ असेल तर ऑपरेशन लागतं. गाठ नसताना थायमस काढून फायदा होतो हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये दिसलं, पण ते पेशंट अंगभर आजार असलेले आणि अँटीबॉडी पॉझिटिव्ह होते. त्यामुळे कोणी लगेच ऑपरेशन सुचवलं तर सरळ विचारा, कशासाठी.

बोरकूट:
मी स्वतः पेशंट आहे, डोळ्यांपासूनच सुरू झालं आणि बरीच वर्षं डोळ्यांतच आहे. पसरण्याची भीती मलाही खूप होती. मला सांगितलं होतं ते असं की डोळ्यांपासून सुरुवात झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना पुढे इतर स्नायूंचा त्रास होतो आणि झाला तर बहुतेकांना पहिल्या दोन वर्षांत, त्यानंतर शक्यता बरीच उतरते. म्हणून पहिली दोन वर्षं लक्ष ठेवायचं. लक्ष कशावर, तर घास गिळताना ठसका लागणं, जेवता जेवता जबडा थकणं, बोलता बोलता आवाज नाकातून यायला लागणं, मान पुढे झुकणं, केस विंचरताना हात भरून येणं. असं काही दिसलं की लगेच डॉक्टरांना कळवायचं. आडवं झाल्यावर दम लागत असेल किंवा स्वतःची थुंकी गिळता येत नसेल तर थेट इमर्जन्सीत, सकाळी बघू म्हणायचं नाही.

प्रिझमचं म्हणाल तर मी हौसेने करून घेतला होता, सकाळी एक नंबर लागायचा आणि संध्याकाळी दुसरा, शेवटी कपाटात गेला. आजार औषधाने स्थिर झाल्यावर चष्म्यावर चिकटवायचे पातळ प्रिझम मिळतात, ते काहींना चालतात. तोपर्यंत चष्म्याच्या एका काचेला आतून अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावायची, डबल दिसणं त्या क्षणी बंद. जिन्यावर तर लावाच, फक्त एक डोळा झाकला की खोलीचा अंदाज चुकतो त्यामुळे कठडा धरून. डबल दिसत असताना गाडी चालवू देऊ नका, भांडण झालं तरी चालेल. पापणीसाठी चष्म्याच्या फ्रेमला आतून एक तार बसवून देतात, ती पापणी वर धरते, पण मग डोळा नीट मिटत नाही आणि कोरडा पडतो. ओनासिस नावाचे ते जहाजवाले ग्रीक अब्जाधीश होते ना, त्यांनाही हाच आजार होता आणि ते पापण्या टेपने वर चिकटवायचे म्हणतात. पैसा असून टेपच!

आणि एक, रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ एकाच जागी एकाच उजेडात फोटो काढा, वर बघतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ काढा. अपॉइंटमेंट सकाळची असली की पापणी एकदम शहाण्यासारखी वागते आणि डॉक्टरांना काही दिसतच नाही.

काही औषधांनी हा आजार उफाळतो, ती यादी पाकिटात ठेवा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स, अझिथ्रोमायसिन, जेंटामायसिनच्या जातीची इंजेक्शनं, शिरेतून देतात ते मॅग्नेशियम, बोटॉक्स, आणि बीपीसाठीचे बीटा ब्लॉकर. दाताच्या डॉक्टरांपासून सगळ्यांना आधी सांगायचं.

तिरपा_चष्मा:
बोरकूट, यादी उत्तम. त्यावरूनच आठवलं. कावेरीताई, काचबिंदूच्या ड्रॉप्सचं नाव काय आहे? बाटलीवर बघून सांगा.

कावेरी_के:
टिमोलॉल लिहिलंय. ते तर डोळ्यात घालायचं आहे ना, पोटात कुठे जातं?

तिरपा_चष्मा:
टिमोलॉल बीटा ब्लॉकरच आहे. थेंब डोळ्यातून अश्रूंच्या नळीने नाकात उतरतो आणि तिथून रक्तात जातो, पोटात न जाता. टिमोलॉलच्या थेंबांनी मायस्थेनिया वाढल्याच्या, क्वचित पहिल्यांदा उघड झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. बाबांचा त्रास त्यामुळेच आहे असं मी म्हणत नाहीये, इतकी वर्षं चालूच होते. पण न्यूरोलॉजिस्टना हे माहीत असेलच असं नाही, कारण औषधं विचारली की लोक गोळ्या सांगतात, थेंब सांगत नाहीत. मात्र तुमच्या मनाने बंद करू नका!! डोळ्याचं प्रेशर वाढलं तर नसेचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करा, वेगळ्या गटाचे थेंब आहेत, ते बदलून देऊ शकतील. जोडथेंब दिले तर त्यातही टिमोलॉल नाही ना ते बघा, बऱ्याच जोडऔषधांत असतं. बीपीची गोळी कुठली तेही याच नजरेने एकदा तपासून घ्या.

रिकामा_कप:
हे भारी होतं. व्यायामाचा सल्ला मागे घेतो.

कावेरी_के:
अपडेट देते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब बदलले, बीपीची गोळी वेगळ्या गटातली निघाली त्यामुळे तिला हात लावला नाही. बर्फाची टेस्ट पण केली, पापणी खरंच वर आली, बाबा आरशात बघून खूश. न्यूरोलॉजिस्टनी पायरिडोस्टिग्मिन ६० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा सुरू केलंय. पापणी बरीच सुधारली पण डबल दिसणं जवळपास तसंच आहे आणि पोटात मुरडा येतो. पुढे स्टेरॉइड लागेल म्हणाले, साखर बॉर्डरलाइन असताना ते द्यावं का याची धाकधूक आहे.

बोरकूट:
मुरडा, जुलाब, तोंडाला पाणी सुटणं हे त्या गोळीचं नेहमीचंच, मला थोडं खाऊन घेतली की कमी व्हायचं. खूपच होत असेल तर डोस कमी करून देतात. डबल दिसणं त्या गोळीने माझंही गेलं नव्हतं.

तिरपा_चष्मा:
हो, पापणीला ही गोळी बरी लागू पडते, डबलला तितकी नाही. दोन डोळे किंचित जरी वेगळीकडे बघत असले तरी दोन दिसतात, थोडी सुधारणा तिथे पुरत नाही. आणि ही गोळी फक्त रसायन टिकवते, अँटीबॉडीजचं काही करत नाही. त्यासाठी प्रेडनिसोलोन, तेच ते स्टेरॉइड. डोळ्यांपुरत्या आजारात बहुधा कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवतात, कारण एकदम मोठा डोस दिला तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत त्रास उलट वाढू शकतो. आराम पडला की परत सावकाश कमी करत आणतात. लवकर स्टेरॉइड दिल्याने आजार पसरायचं प्रमाण घटतं असं काही जुन्या नोंदींवरून दिसतं, पण ते पक्कं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे त्या आशेवर घेऊ नका. डबल दिसण्याचा रोजच्या कामात किती अडथळा होतोय त्यावर ठरवा.

साखर, बीपी, हाडं यांवर लक्ष ठेवावं लागेल हे न्यूरोलॉजिस्ट सांगतीलच. बाबांच्या बाबतीत मला जास्त काळजी काचबिंदूची आहे, कारण पोटातून घेतलेल्या स्टेरॉइडनेही डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं. म्हणजे सुरू करायच्या आधी प्रेशर मोजायचं आणि नंतर नेहमीपेक्षा लवकर लवकर. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा, ते एकमेकांशी आपणहून बोलतील या भरवशावर राहू नका. स्टेरॉइड जमलंच नाही किंवा फार काळ लागलं तर अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आहेत, पण अझाथायोप्रिनचा पूर्ण परिणाम दिसायला वर्षभरही लागू शकतं आणि रक्ताच्या पेशी, लिव्हर तपासत राहावं लागतं. पापणीचं ऑपरेशन कोणी सुचवलं तर आत्ता नको, आजार बराच काळ स्थिर राहिल्याशिवाय त्यात पडायचं नाही.

सिंगल फायबर झाली का?

कावेरी_के:
नाही, पुढच्या आठवड्यात आहे. गोळी चालू ठेवूनच जायचं का?

तिरपा_चष्मा:
न्यूरोलॉजिस्टना आणि जिथे टेस्ट आहे तिथे आजच फोन करून विचारा. शक्य असेल तर साधारण बारा तास आधीपासून गोळी थांबवायला सांगतात, नाहीतर टेस्ट खोटी नॉर्मल यायची. पण गिळायला किंवा श्वासाला त्रास असलेल्यांनी अशी थांबवायची नसते, बाबांना तसं काही नाही ना ते फोनवर आधी सांगा. आणि बोटॉक्स कधी घेतलं होतं का असं विचारतील, हसू नका, त्याने पण ही टेस्ट बिघडते.

कावेरी_के:
बोटॉक्सचं बाबांना सांगितलं, ते म्हणाले घेतलं असतं तर असा दिसलो असतो का 😄 फोन करते आणि टेस्ट झाली की इथेच लिहिते.