ध्यानाला बसलं की पाय बधिर, कपाळ जड आणि वरून पेंग – मदत हवी आहे

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. थेट अडचणीच सांगतो. पहाटे ५ ला शहाबादी फरशीवर एकेरी सतरंजी टाकून, मांडी घालून बसतो. डोळे मिटलेले, लक्ष दोन भुवयांच्या मध्ये, वेळ ३० मिनिटं. दहाव्या मिनिटाला उजवा पाय बधिर. कपाळ जड पडतं ते दुपारपर्यंत उतरत नाही. श्वासाकडे लक्ष दिलं की तो आपला आपण चालायचं सोडून देतो, मग ओढूनताणून घ्यावा लागतो. एकदोनदा बोटांना मुंग्याही आल्या. यातलं काही झालं नाही तर सरळ पेंग. रात्री झोपायला साडेअकरा होतात. उन्हाळाभर कूलरची घरघर आहेच. विचार तर थांबतच नाहीत. दिवसा परभणी–जिंतूर एसटीनं जाणं-येणं असतं, त्या वेळेचा काही उपयोग होईल का?

काळीमाती

आधी बैठक नीट करा, बाकीचं नंतर. एकेरी सतरंजीवर कंबर आणि गुडघे एका पातळीत येतात, कंबर मागे ढळते, पाठीला बाक येतो आणि दहा मिनिटांत सगळा भार पायांवर पडतो. जुनी वाकळ घट्ट घडी करून चार ते सहा इंच उंची करा आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा, पूर्ण मागे सरकून नाही. गुडघे कमरेच्या खाली आले पाहिजेत. गुडघा अधांतरी राहत असेल तर खाली टॉवेलची गुंडाळी द्या. घोट्याखालीही काहीतरी मऊ हवं, शहाबादी फरशी कोणाची गय करत नाही.

बधिरपणाचं म्हणाल तर लोक ‘रक्त थांबलं’ म्हणतात, पण बहुतेक वेळा नस दाबलेली असते. गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला एक नस कातडीच्या अगदी जवळून जाते. एका पायावर दुसरा पाय चढवला की तीच दाबली जाते. म्हणून पाय एकमेकांवर न ठेवता पुढेमागे जमिनीवर ठेवा. पाय बधिर असताना झटकन उठू नका, घोटा मुरगळतो. उठल्यावर पाच-दहा मिनिटांत संवेदना परत आली नाही, किंवा शुगर असून तळपाय एरवीही बधिर राहत असतील, तर तो आसनाचा प्रश्न नाही, डॉक्टरांना दाखवा.

मांडी जमतच नसेल तर खुर्ची घ्या, त्यात कमीपणा काही नाही. वेरूळच्या १० नंबरच्या लेण्यातला, आपण ज्याला सुतार की झोपडी म्हणतो तिथला बुद्ध पाय खाली सोडूनच बसलाय.

गोदाकाठ

कपाळाचं कारण तुमच्याच प्रश्नात आहे. भुवयांच्या मध्ये ‘बघायला’ गेलं की मिटल्या पापण्यांआड बुबुळं वर आणि आत ओढली जातात, कपाळ आवळतं, दातावर दात बसतात. अर्धा तास असं आवळून धरल्यावर डोकं जड होणारच. ती जागा सोडा. नजर खाली, जबडा सैल, दातांत थोडी फट, जीभ सैल.

लक्ष पोटावर आणा. नाकपुडीच्या कडेवर ठेवणंही चांगलं, पण मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की नाक आतून सुकतं, त्यात कूलरचा झोत तोंडावर. मग श्वासाचा स्पर्श कळत नाही आणि कळावा म्हणून माणूस जोरात ओढायला लागतो. मुंग्या त्यामुळेच येतात. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि मग बोटं आणि ओठ झिणझिणतात, गरगरतं. असं झालं की मोजणं सोडा, डोळे उघडा, दोन मिनिटं नुसतं बसा, आपोआप उतरतं.

श्वास ताब्यात जातोय असं वाटलं तर फक्त सोडताना लक्ष द्या. घेतानाचा श्वास त्याचा तो येऊ द्या. सोडताना मनात एक, पुढच्याला दोन, असं दहापर्यंत, मग परत एक. आकडा हुकला की एकपासून. सतरा-अठरावर गेलात तर समजा की मोजणी चालू होती पण तुम्ही जागेवर नव्हता.

आणि विचार थांबवायचे नसतातच. मन गेलं, गेल्याचं कळलं, परत आणलं. व्यायाम तो एवढाच. वीस वेळा गेलं तर वीस वेळा आणायचं. परत आणताना स्वतःवर चिडलात तर तो एकविसावा विचार.

हुरडा

पहाटेची वेळ सोडू नका बरं का. ब्राह्ममुहूर्त उगाच सांगितलेला नाही.

तुळजाई

@हुरडा, मुहूर्त चांगला असेल, पण साडेअकराला झोपून पाचला उठणारा माणूस साडेपाच तासांच्या झोपेवर बसतोय. तो ध्यानात पेंगत नाही, झोपेची उधारी फेडतोय. एक तर दहाला झोपा, नाहीतर संध्याकाळी कामावरून आल्यावर, जेवणाआधी बसा. जेवल्यावर दोन तास तरी नको.

बसण्याआधी तोंडावर गार पाणी, डोळे अर्धे उघडे, नजर तीन-चार फुटांवर जमिनीला. तरी मान डुलली तर उभे राहा. त्याहून चांगलं म्हणजे चाला: गच्चीवर किंवा ओसरीत दहा-बारा पावलांची सरळ रेघ धरायची, टोकाला थांबायचं, वळायचं, परत. पाऊल उचललं, पुढं गेलं, टेकलं एवढंच लक्षात घ्यायचं. बौद्ध परंपरेत याला चंक्रमण म्हणतात. पेंगणाऱ्यासाठी यासारखं औषध नाही.

३० मिनिटंही जास्त आहेत. १० पासून सुरू करा, रोज, आठवड्याला दोन-दोन मिनिटं वाढवा. मोबाइल विमान मोडवर, गजर हळू आवाजाचा.

कूलर बंद करू नका, उकाड्यात कोण बसणार! झोत भिंतीकडे वळवा आणि घरघर हाच आधार धरा. पंप सुरू झाला, पाणी ठिबकलं, पत्रा थरथरला, असे त्यातले वेगवेगळे आवाज नुसते ऐका. काकड्याचा भोंगा वाजला तरी हेच. ‘कशाला लावलाय’ हे मनात सुरू झालं की आवाजाकडे परत.

एसटीत डोळे मिटायची गरज नाही. तळपाय पत्र्यावर टेकलेले, हातात दांडी, गाडीचे हादरे, एवढं जाणवत ठेवायचं. प्रत्येक थांब्याला तीन श्वास. कंडक्टरनं घंटी दिली की सुरू, असं बांधून घेतलं तर आठवण ठेवावी लागत नाही. मोटरसायकलवर मात्र लक्ष आत अजिबात न्यायचं नाही. तिथं रस्ता, आरसा आणि खड्डे हेच ध्यान.

घरातलं एखादं काम धरा. भाकरी थापणारे असाल तर काटवटीतल्या पिठाचा गरमपणा, तळव्याखाली कड पातळ होत जाणं, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवल्यावर येणारी वाफ. पहिल्या भाकरीपुरतंच. सगळ्या भाकरी ध्यानात करायला गेलात तर दोन दिवसांत कंटाळाल.

पूर्णाकाठ

आभारी आहे. वाकळेचा प्रयोग आजच करतो. एक राहिलं: इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना ध्यानाचं शिबिर करावं का? घरात एकाला घबराटीचा त्रास आहे, गोळ्या चालू आहेत, त्यांनाही न्यायचा विचार आहे.

गोदाकाठ

तुम्ही जा, पण आधी घरी महिनाभर रोज २० मिनिटं बसणं जमू द्या. तिथं पहाटे ४ ला घंटा होते, दिवसाला सुमारे दहा तास बसणं, मोबाइल जमा, बोलणं बंद. पहिले तीन दिवस नुसता श्वास. फी नाही, शिबिर पूर्ण केल्यावर दान ऐच्छिक.

घरच्यांना लगेच नेऊ नका. घबराटीच्या माणसाला बराच वेळ आत बघायला लावलं की छातीची धडधड आणखी मोठी वाटते. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, अर्जात आजार आणि गोळ्या लपवू नका, आणि ध्यान सुरू केलं म्हणून गोळी बंद करू नका. घरी त्यांनी डोळे उघडे ठेवून पाच मिनिटं चालावं, किंवा खोलीतल्या पाच वस्तू एकेक करून नीट बघाव्यात. त्रास वाढला तर थांबायचं. रात्री-अपरात्री विचारायला कोणी नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.