मदत हवी आहे: फास्टएपीआय लॅपटॉपवर चालतं, फोनवर उघडत नाही

मंडळी, पायथॉन बऱ्यापैकी येतं, पण एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमना माहिती देणारी सेवा) पहिल्यांदाच करतोय. सुरुवातीला नुसतं फास्टएपीआय (एपीआय बनवायची पायथॉन लायब्ररी) टाकलं, तर टर्मिनलमधली कमांडच चालेना. 'स्टँडर्ड'वालं पॅकेज लागतं हे कळेपर्यंत संध्याकाळ गेली! आता 'डेव्ह' (डेव्हलपमेंटसाठीच्या) कमांडने सर्व्हर ८००० पोर्टवर सुरू होतो, डॉक्सचं पानही दिसतं. पण त्याच वायफायवरच्या फोनवरून काहीच उघडत नाही. 'डेव्ह' फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच लॅपटॉपवरून आलेलं, ऐकतो म्हणून असेल का? त्याऐवजी 'रन' कमांड वापरली की फोनवर दिसतं, पण मग कोड बदलला की दरवेळी सर्व्हर हाताने बंद-चालू करावा लागतो. 'डेव्ह'लाच होस्ट ०.०.०.० (म्हणजे नेटवर्कवरच्या इतरांचंही ऐक) दिला तर चालेल ना? घरच्या नेटवर्कवर त्यात काही धोका? फायरवॉल अजून तपासलेली नाही.